नोआ कोणाचा कोण? ‘डार्क’च्या चाहत्यांचे प्रश्न

(‘डार्क’ या जर्मन मालिकेवर या खेपेला इतके प्रश्न आले की सगळा स्तंभ तिलाच दिला आहे. बहुतेकांचा रोख एकाच माणसावर आहे : काळ्या झग्यातला पाद्री नोआ. तिन्ही पर्वं, म्हणजे सव्वीसच्या सव्वीस भाग पाहून झाले नसतील तर हे पान आत्ता वाचू नका. पुढे सगळं फोडलेलं आहे.)

प्रश्न : नोआ म्हणजेच म्हातारा झालेला बार्तोश (रेगिनाचा मुलगा), असं माझं पहिल्या पर्वापासूनचं मत. घरात कुणी मानत नाही. मी चूक का? (सांगली)

चूक, पण नेम फार लांब गेलेला नाही. पहिल्या पर्वात नोआ बार्तोशला गाडीत बसवून घेतो, त्याला आपल्या बाजूला ओढतो, आणि त्याच्याबद्दल त्याला जरा जास्तच माहिती असते. त्यावरून तुमच्यासारखा तर्क पुष्कळांनी केला. तो खोडताना ‘दोघं एकाच दृश्यात आहेत, मग एकच कसे असतील’ असं जे म्हणतात, ते या मालिकेत चालत नाही. इथे कथेचा नायक योनास स्वतःच्याच मोठ्या रूपासमोर बसून बोलतो. एका चौकटीत दोघं असणं हा कसलाच पुरावा नाही.

खरा पुरावा १९२१ मधला. दुसऱ्या पर्वाच्या सुरुवातीला गुहेत दोघं जण खोदकाम करताहेत आणि तरुण माणूस थोराड माणसाला कुदळीने मारतो. तो तरुण म्हणजे नोआ. त्याचा तरुणपणचा चेहरा इथे आपल्याला मिळतो, आणि तो बार्तोशचा नाही. मेलेला माणूस कोण ते तिसऱ्या पर्वात कळतं : तो बार्तोश. नोआ त्याचा मुलगा. १८८८ मध्ये अडकून पडलेल्या बार्तोशला पुढे सिल्यापासून दोन मुलं होतात. थोरला हन्नो, जो पुढे नोआ म्हणवतो, आणि धाकटी आग्नेस. आग्नेसच्या बाळंतपणात सिल्या जाते. तेव्हा तुम्ही मुलाला बाप समजलात, एवढाच फरक. घरच्यांना सांगायला हरकत नाही की घराणं तरी बरोबर ओळखलं होतं.

प्रश्न : १९५३, १९८६, २०१९… नोआ सगळीकडे त्याच वयाचा दिसतो. तो माणूस नसून सैतान आहे, असं मानायला काय हरकत आहे? (कोल्हापूर)

वय मोजलं की सैतान उरत नाही. मोजताना कॅलेंडरमधलं वर्ष आणि शरीराचं वय असे दोन रकाने वेगळे ठेवायचे. बहुतेकांची गल्लत इथेच होते. १९५३ ते २०१९ ही ६६ वर्षं नोआ जगलेला नाही. तो एका दारातून आत गेला आणि दुसऱ्यातून बाहेर आला. मधली वर्षं त्याच्या अंगावरून गेलीच नाहीत.

आता शरीराचा हिशोब. जन्म १९०४ च्या सुमाराचा. १९२१ मध्ये साधारण सतरा. तिथून तो २०२० मध्ये येतो, विध्वंसानंतरच्या विंडेन गावात, जिथे लहानगी एलिझाबेथ आणि तिचा बाप पीटर तळघरात कसेबसे दिवस काढताहेत. पीटर मारला जातो, नोआ तिच्याजवळ राहतो. पुढची वीसेक वर्षं मात्र तो खरोखर जगतो, उड्या न मारता. २०४१ मध्ये त्यांची मुलगी शार्लोट जन्मते, म्हणजे तेव्हा नोआ सदतीस-अडतीसचा. ती पाळण्यातून चोरीला जाते. त्यानंतर झगा घालून सगळ्या काळांतून हिंडणारा जो नोआ आपण पाहतो, तो चाळिशी ओलांडलेला दिसतो. बेरीज बरोबर येते.

पाठभर गोंदवलेल्या मजकुराने पुष्कळांना सैतानाचा भास झाला होता. तो मजकूर ‘एमरल्ड टॅब्लेट’ नावाच्या जुन्या किमयागारी ग्रंथातला आहे. आडामच्या (म्हणजे म्हाताऱ्या योनासच्या) टोळीचं नावही त्याच्याशीच जोडलेलं आहे. गोंदण त्याची टोळी सांगतं, जात नाही.

प्रश्न : ३३ वर्षांचं चक्र सीझियम-१३७ वरून घेतलं आहे ना? काळयंत्रात तेच वापरतात. (नाशिक)

नाही. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं. ३३ वर्षांनी त्यातलं साधारण ४७ टक्के शिल्लक राहतं, आणि या आकड्यात खास असं काही नाही.

मालिकेत घड्याळं दुरुस्त करणारा टानहाउस जे कारण देतो ते चंद्र-सूर्याच्या मेळाचं. ते थोडं तपासून पाहू, कारण आपल्याकडच्या पंचांगवाल्यांना यातली मेख लगेच कळेल. बारा चांद्रमास म्हणजे सुमारे ३५४.३७ दिवस. सौर वर्ष ३६५.२४. दर वर्षी १०.८७ दिवसांची तूट. ही तूट साठत साठत एक पूर्ण वर्ष व्हायला साडेतेहतीस वर्षं लागतात. मोहरम साधारण तेवढ्या काळात सगळ्या ऋतूंतून फिरून येतो, तो यामुळेच. आपण अधूनमधून अधिक महिना घालून तूट भरून काढतो, म्हणून आपली दिवाळी पावसाळ्यात जात नाही.

पण ‘३३ वर्षांनी सगळे ग्रहतारे जागच्या जागी’ हे टानहाउसचं म्हणणं ओढूनताणून आहे. बरोबर ३३ सौर वर्षांत ४०८ चांद्रमास होऊन वर साडेचार दिवस उरतात. म्हणजे चंद्राची कला चुकते. खरा मेळ हवा असेल तर तो १९ वर्षांचा : २३५ चांद्रमास, फरक दोन तासांच्या आसपास. एकोणिसाव्या आणि अडतिसाव्या वाढदिवसाला तुमची तारीख आणि तिथी पुन्हा एकत्र येते ती त्यामुळे. मालिकेने १९ ऐवजी ३३ घेतले याचं कारण सोपं असावं : ३३ वर्षांत बरोबर एक पिढी बदलते. पोरं बाप होतात आणि बाप आजोबा. (अधिकात जावयाला ३३ अनारसे देणाऱ्यांना तरी हा आकडा परका वाटू नये.)

कामाची गोष्ट अशी की ३३ च्या शिड्या दोन आहेत. पहिल्या पर्वाची १९५३, १९८६, २०१९, २०५२. दुसऱ्या पर्वात कथेचं वर्ष एकाने पुढे सरकतं, म्हणून तिची १८८८, १९२१, १९५४, १९८७, २०२०, २०५३. कुणी एखादा तर्क मांडला की आधी पाहायचं : तो माणूस त्या वर्षात शिडीने पोचू शकतो का? २०४१ आणि १९७१ या दोन्ही शिड्यांवर नाहीत. तिथे एक तर माणूस जगत जगत पोचलेला असतो, नाहीतर तिसऱ्या पर्वातली दुसरी साधनं वापरलेली असतात. त्यामुळे पहिल्या दोन पर्वांसाठी हा नियम पक्का धरा, तिसऱ्यासाठी सैल.

प्रश्न : आग्नेसचा नवरा पाद्री होता असं ती स्वतः सांगते. नोआ पाद्री. मग तिच्या मुलाचा, ट्रॉन्टेचा, बाप नोआ हे उघड नाही का? दिग्दर्शकाने नंतर बदललं असेल. (वसई)

बदललं म्हणायला आधार नाही. फसवलं मात्र मुद्दाम. १९५३ मध्ये आग्नेस लहान ट्रॉन्टेला घेऊन टीडेमानांच्या घरी भाडेकरू म्हणून येते तेव्हा नवऱ्याबद्दल तसं सांगते, आणि झग्यातला नोआ आपण नुकताच पाहिलेला असतो. दोन ठिपके इतके जवळ ठेवले की प्रेक्षक रेघ ओढणारच.

इथे एक सवय लावून घ्या. ‘दाखवलेलं’ आणि ‘सांगितलेलं’ यांच्या मध्ये रेघ मारा. आग्नेसचा नवरा पाद्री होता हे फक्त सांगितलेलं आहे, तेही नव्या गावात आसरा मागायला आलेल्या बाईने. काळातून पळून आलेला माणूस घरमालकिणीला खरं काय ते सांगणार आहे थोडंच? या मालिकेत माणसं स्वतःबद्दल जे सांगतात ते निम्म्याहून अधिक वेळा खोटं किंवा अर्धं निघतं. जखमा, वस्तू आणि तारखा खोट्या निघत नाहीत.

तिसरं पर्व नातं स्पष्ट करतं : आग्नेस नोआची सख्खी धाकटी बहीण. ट्रॉन्टेचा बाप तो ओठ फाटलेला अनोळखी माणूस. म्हणजे नोआ ट्रॉन्टेचा मामा. याच सख्ख्या बहिणीच्या गोळीने नोआ १९२१ मध्ये मरतो, हे ठाऊक झाल्यावर दुसऱ्या पर्वाचा शेवट पुन्हा बघा.

प्रश्न : हेल्गेची आई ग्रेटा नोआपाशी कबूल करते की हेल्गे बर्न्डचाच मुलगा आहे याची तिला खात्री नाही. पुढे नोआ हेल्गेला मुलासारखा जवळ करतो, आपल्या कामाला लावतो. हेल्गेचा बाप नोआ, हा तर्क मला बिनतोड वाटतो. खोडून दाखवा. (पुणे)

आलेल्या पत्रांतला हा सगळ्यात चांगला तर्क, आणि तो खोडायचं हत्यार मालिकेच्या शेवटच्या दृश्यात पडलेलं आहे. बहुतेक जण ते दृश्य डोळे पुसत बघतात, त्यामुळे लक्षात येत नाही.

शेवटी योनास आणि मार्था १९७१ च्या मूळ जगात जाऊन टानहाउसच्या मुलाचा, सुनेचा अपघात टाळतात. टानहाउसला यंत्र बांधायचं कारणच उरत नाही, आणि त्या यंत्रामुळे फुटलेली दोन्ही जगं मिटतात. मग उरलेल्या मूळ जगात एक जेवणाचं टेबल दिसतं. भोवती सहा जण : रेगिना, काथारिना, हाना, पीटर, बेर्नाडेट आणि पोलिस व्योलर. हे टेबल म्हणजे मालिकेने दिलेली रक्ताची तपासणी आहे. काळात उड्या मारणाऱ्या माणसामुळे ज्याचा जन्म झाला, तो या जगात असूच शकत नाही. उलरिख नाही, कारण त्याचा आजा तो अनोळखी. शार्लोट नाही, कारण तिचा बाप नोआ. खुद्द नोआ नाही, कारण बार्तोश १८८८ ला गेलाच नाही.

आणि पीटर आहे. पीटर हेल्गेचा मुलगा. पीटर मूळ जगात जन्मला म्हणजे हेल्गेही जन्मला होता, आणि हेल्गे जन्मला म्हणजे त्याचा बाप मूळ जगातलाच कुणीतरी माणूस होता. नोआ तिथे नव्हता. झालं. ग्रेटाला शंका आहे ती खरी असू शकते, बर्न्ड बाप नसेलही, पण जो कोण असेल तो काळप्रवासी नाही.

याच कसोटीने दुसरा एक जुना वाद मिटतो. क्लाउडिया आणि ट्रॉन्टेचं प्रकरण होतं, म्हणून रेगिना ट्रॉन्टेची, असं दोन पर्वं सगळे धरून चालले होते. रेगिना टेबलावर आहे. ट्रॉन्टे त्या जगात असू शकत नाही. मग ती त्याची नाही. तिचा बाप बर्न्ड डॉप्लर, हे तिसऱ्या पर्वातल्या वंशवृक्षाशीही जुळतं.

कसोटी वापरताना एक चूक टाळा. टेबलावर असणं हा पुरावा आहे, नसणं हा नाही. बार्तोशचा बाप आलेक्झांडर तिथे नाही, म्हणून तोही काळप्रवाशांच्या रक्ताचा, असा निष्कर्ष काहींनी काढला. विंडेनमध्ये तो बाहेरून, खोट्या नावाने, १९८६ मध्ये आलेला माणूस. मूळ जगात त्याचा रस्ता विंडेनकडे वळलाच नसेल. क्लाउडियाही टेबलावर नाही, पण तिच्याशिवाय रेगिना कुठून येणार? सहा खुर्च्यांवर गावची शिरगणती होत नाही.

हेल्गे नोआचा मुलगा नाही, पण नातं आहेच. नोआची मुलगी शार्लोट हेल्गेच्या मुलाला, पीटरला दिलेली. म्हणजे ज्या पोराला नोआने तळघरातल्या काळप्रवासाच्या खुर्चीच्या कामाला जुंपलं, तो त्याचा व्याही.

प्रश्न : शार्लोटची आई एलिझाबेथ आणि एलिझाबेथची आई शार्लोट. वंशवृक्ष काढायला बसलो की पहिल्याच ओळीला अडतो. कसा काढायचा? (डोंबिवली)

वरून खाली काढू नका, अडणारच. झाडाला मूळ लागतं आणि इथे मूळ नाही. वर्तुळापासून सुरुवात करा.

मोठा कागद आडवा घ्या. मध्यभागी शार्लोट आणि एलिझाबेथ अशी दोन नावं शेजारी लिहा. एकीकडून दुसरीकडे वरून एक बाण, दुसरीकडून पहिलीकडे खालून एक बाण. बाणाचा अर्थ ‘जन्म दिला’. वरच्या बाणावर (शार्लोट ते एलिझाबेथ) बाप म्हणून पीटर लिहा, खालच्यावर नोआ. एवढ्यातच गंमत दिसेल : शार्लोटमुळे पीटर नोआचा जावई, आणि एलिझाबेथमुळे सासरा. आता नोआच्या वर बार्तोश आणि सिल्या. सिल्या ही हाना आणि एगॉन टीडेमानची मुलगी, म्हणजे बार्तोशच्या आजीची, क्लाउडियाची, सावत्र बहीण. पीटरच्या वर हेल्गे. हा झाला पहिला तुकडा.

दुसरा तुकडा वेगळ्या कागदावर. पाच नावांचं गोल वर्तुळ : अनोळखी, ट्रॉन्टे, उलरिख, मिकेल, योनास, आणि परत अनोळखी. प्रत्येक जण पुढच्याचा बाप. हिशोब करा, योनासचा खापरपणजोबा हा त्याचा स्वतःचाच मुलगा निघतो. अनोळखीच्या आईच्या जागी मार्था, उलरिखची मुलगी, म्हणून नात्याने योनासची आत्या. पण ही मार्था दुसऱ्या जगातली. त्या जगात मिकेल १९८६ मध्ये गेला नाही, त्यामुळे योनास जन्मलाच नाही. म्हणून या तुकड्याला दोन कागद लागतात, एकेका जगाचा एकेक, आणि अनोळखीचं नाव दोन्हींच्या मधल्या शिवणीवर. एका कागदावर दोन्ही जगं कोंबली की दोन मार्था एकमेकींत मिसळतात आणि मग काहीच सुटत नाही. बहुतेकांचे तक्ते इथे फसतात.

दोन्ही तुकडे जोडणारी माणसं दोनच. आग्नेस, जी नोआची बहीण आणि अनोळखीपासून झालेल्या ट्रॉन्टेची आई. आणि हाना, जी योनासचीही आई आणि सिल्याचीही. ही दोन नावं शेवटी टाका.

प्रश्न : नोआ शार्लोटचा बाप आहे हे दुसऱ्या पर्वाआधी कुणाला ओळखता आलं असतं का, की लेखकांनी ऐनवेळी जोडलं? (बडोदा)

ओळखता आलं असतं, एका घड्याळावरून. पहिल्या पर्वात एलिझाबेथ शाळेतून वेळेवर घरी येत नाही, सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो, आणि मग ती सुखरूप परत येते. वाटेत एक माणूस भेटला, नोआ नावाचा, असं ती खुणांच्या भाषेत सांगते. त्याने तिला एक खिशातलं घड्याळ दिलेलं असतं. हे पूर्वी तुझ्या आईचं होतं, असं सांगून. झाकण उघडलं की आत कोरलेलं दिसतं : ‘शार्लोटसाठी’.

थांबवून पाहण्यासारखी ती चौकट आहे. आपण सगळे ‘पोरं पळवणारा माणूस हिला भेटला’ या भीतीत असतो, त्यामुळे घड्याळाकडे धमकी म्हणून बघतो. पण पळवणारा माणूस सावज सोडून का देईल? एरिक आणि यासीनला नेलं, हिला घड्याळ देऊन घरी पाठवलं. हा भेद पहिल्याच पर्वात उघड्यावर ठेवलेला होता. ज्याला हिचं काही बिघडू द्यायचं नाही असा कुणीतरी, आणि ज्याच्याकडे शार्लोटसाठी केलेली वस्तू आहे असा कुणीतरी. एवढ्यावरून ‘बाप’पर्यंत पोचणं अवघड होतं, ‘घरातला’पर्यंत नक्की जमलं असतं.

प्रश्न : नोआने आडामवर पिस्तूल रोखलं तर गोळी सुटली नाही, आग्नेसने नोआवर झाडली तर सुटली. सोयीने नियम बदलतात का? (नागपूर)

नियम एकच आहे. ज्याला पुढच्या वर्षांत जाऊन काही करायचं आहे हे घडून चुकलेलं आहे, तो आत्ता मरू शकत नाही. आडामची पुढची कामं शिल्लक होती. नोआची नव्हती. त्याने क्लाउडियाला १९५४ मध्ये मारलं होतं, वहीची फाडलेली पानं मिळवली होती, शार्लोटचं सत्य त्याला कळलं होतं. त्याच्या नावावर पुढे काही नाही.

हाच नियम नोआला ठाऊक असायला हवा होता, कारण तोच तो योनासला शिकवतो. विध्वंसानंतर योनास गळफास घेतो तेव्हा तरुण नोआ त्याला खाली उतरवतो आणि पिस्तूल चालवून दाखवतो : बघ, तुला मरता येत नाही, तुझं म्हातारपण आधीच कुठेतरी आहे. त्या दिवसांत दोघं मित्र होते. मुलगी हरवल्यावर तिला शोधायचं वचन योनासने दिलं होतं, आणि तोच पुढे आडाम होऊन तिच्या चोरीमागचा सूत्रधार ठरतो. म्हणून आडाम मरत नाही हे माहीत असूनही नोआ पिस्तूल उचलतो. तिथे तो तर्काने वागत नाहीये.

मग मार्थाने झाडलेल्या गोळीने एक योनास मरतो तो कसा, असं पुढचं पत्र येईलच. २७ जून २०२० च्या विध्वंसाच्या क्षणी काळ निमिषभर थांबतो आणि त्या फटीत एका घटनेचे दोन फाटे फुटतात. एका फाट्यावरचा योनास वाचून आडाम होतो, दुसऱ्यावरचा मरतो. पुढचं आयुष्य पहिल्याचं शिल्लक आहे, दुसऱ्याचं नाही. ही पळवाट एव्हा (दुसऱ्या जगातली म्हातारी मार्था) वापरते, आणि शेवटी क्लाउडियाही. (तिसरं पर्व प्रदर्शितही २७ जून २०२० लाच झालं होतं. तसंच दुसरं, २१ जून २०१९ ला. योनासचा बाप कथेत जीव देतो तोच दिवस.)

प्रश्न : आडाम योनास नाहीच, तो खोटं बोलतो, असं मानणारे अजून आहेत. (रत्नागिरी)

आहेत, आणि ‘सांगितलेल्यावर विश्वास ठेवू नका’ हा आमचाच नियम ते आमच्यावर उलटवतात. पण इथे दाखवलेलं पुरेसं आहे. गळ्याभोवतीचा दोराचा व्रण तिन्ही वयांत त्याच जागी आहे, आणि एकोणिसाव्या शतकात अडकल्यावर यंत्राचे प्रयोग करताना चेहरा कसा टप्प्याटप्प्याने जळत गेला तेही तिसऱ्या पर्वात दिसतं. हा वाद संपला.

प्रश्न : तो अनोळखी माणूस, लहान, मध्यम आणि म्हातारा, तिघं एकदम का फिरतात? आणि तिघांचे चेहरे इतके जुळतात कसे? (स्टुटगार्ट)

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी. मध्यमवयीन रूप याकोब डील यांनी केलंय आणि म्हातारं हान्स डील यांनी. हे खरोखरचे बाप-लेक. लहान मुलगा क्लाउड हाइनरिख. ओठावरची फट तिघांनाही सारखीच, जेणेकरून पहिल्याच दृश्यात ‘हा एकच माणूस’ हे बोलल्याशिवाय कळावं.

एकत्र का फिरतात याचा खुलासा पात्रांच्या तोंडी नाही, पण कामं बघितली तर कळतं. दोन्ही जगांना बांधणारी गाठ टिकून राहावी म्हणून जी जी घटना घडायलाच हवी ती घडवणं हे त्यांचं काम. पुरावे जाळणं, सह्या मिळवणं, तारेने गळा आवळणं. तिघं बरोबर असले की थोरल्याला सगळं आधीच आठवतं, धाकटा शिकतो, आणि चुकायला वावच राहत नाही. म्हातारा जिवंत समोर उभा असल्यामुळे धाकटे दोघं मरणार नाहीत हीही खात्री. दोन्ही जगांच्या गाठीचा दोरा तो स्वतःच असल्याने त्याला नाव दिलेलं नाही, आणि नावावरून तर्क लढवणाऱ्यांची पंचाईत झाली ती झालीच.

प्रश्न : दुसऱ्यांदा पाहणार आहे. या वेळी स्वतः तर्क तपासायचे आहेत. काही युक्ती? (औरंगाबाद)

मूळ जर्मन आवाज ठेवा, खाली इंग्रजी अक्षरं. डबिंगमध्ये एकाच माणसाच्या वेगवेगळ्या वयांचे आवाज आणि बोलण्याची ढब हरवते. वहीत पाच रकाने : दृश्यातलं वर्ष, माणूस, शरीराचं अंदाजे वय, अंगावरची खूण, हातातली वस्तू. सहावा रकाना ‘कोण सांगतंय’ एवढाच. खुणांमध्ये हेल्गेचा कान आणि चेहरा (१९५३ मध्ये उलरिखने दगडाने ठेचलेला), योनासचा गळा, अनोळखीचा ओठ. पहिल्या पर्वात प्रेतांच्या जागाही लिहा : माड्स १९८६ ला हरवतो आणि २०१९ ला सापडतो, एरिक आणि यासीन २०१९ चे, सापडतात १९५३ मध्ये. कोण कुठल्या दिशेने गेलं ते आपोआप उलगडतं. गाणं वाजत असताना पडदा दुभंगून दोन चेहरे शेजारी येतात तिथे थांबा. तिथे लेखकांनी उत्तरंच लावून ठेवलेली असतात. एका दिवसात दोन भागांपेक्षा जास्त पाहू नका. तिसऱ्यानंतर वर्षं मिसळायला लागतात.

प्रश्न : व्योलरच्या डोळ्याला काय झालं होतं? (अनेक)

ते मालिकेत सांगितलेलं नाही. टेबलावर तो सांगायला तोंड उघडतो आणि नेमके दिवे जातात. लेखकांनी केलेली थट्टा आहे ती. एव्हाच्या जगात त्याचा डोळा शाबूत आणि हात नाही, हे मात्र टिपून ठेवा. आणि मूळ जगातही सांगण्यासारखी कथा त्याच्याकडे आहे, तेव्हा डोळा नोआने किंवा आडामच्या माणसांनी फोडला असल्याचे जे तर्क आले आहेत ते टिकणारे नाहीत. त्या जगात ती माणसं जन्मलीच नव्हती.